लेसरचा रंग बदलून पाहा: थरांच्या अर्धसंवाहकांतील रेझोनन्स रामन मोजमाप

मोलिब्डेनम डायसल्फाइडचा दोनचार थरांचा पापुद्रा घ्या आणि त्यावर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर सोडा. वर्णपट अगदी शिस्तीत येतो: ३८३ आणि ४०७ प्रति सेंमीच्या आसपास दोन शिखरे, बाकी जवळजवळ सपाट. आता पापुद्रा न हलवता ६३२.८ नॅनोमीटरचा लाल लेसर लावा. ४५०-४६५ च्या पट्ट्यात एक रुंद, एका बाजूला कललेले शिखर उगवते. ४२० जवळ खांदा येतो, ५७० ते ६५० मध्ये आणखी दोनतीन उंचवटे दिसतात. पापुद्रा एकथरी असेल, तर या सगळ्याखाली प्रकाशदीप्तीची (शोषलेला प्रकाश पुन्हा बाहेर पडण्याची, म्हणजे फोटोल्युमिनेसन्सची) चढणही येते. नमुना तोच, जागा तीच. बदलली ती फक्त फोटॉनची ऊर्जा.

हा लेख या बदलातून इलेक्ट्रॉन-फोनॉन अन्योन्यक्रियेबद्दल (फोनॉन म्हणजे अणूंच्या जाळीच्या कंपनाचा पुंज) काय आणि कसे काढायचे, याबद्दल आहे. वाचकाने साधा रामन वर्णपट निदान एकदा घेतलेला आहे, असे धरून चालतो. (प्रति सेंमी हे लेसरपासूनच्या ऊर्जेच्या फरकाचे एकक पुढे दर वेळी लिहीत नाही. ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये, म्हणजे इव्ही आणि मिलिइव्हीमध्ये. १ मिलिइव्ही म्हणजे ८.०६६ प्रति सेंमी, हा आकडा टेबलासमोर चिकटवून ठेवा.)

आधी घडते काय

१९२८ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी कोलकात्यात जो परिणाम पाहिला, तो मुळातच दुबळा आहे. ढोबळमानाने कोटीभर फोटॉन आत गेले, तर एखादा आपली थोडी ऊर्जा कंपनाला देऊन बाहेर येतो. स्फटिकात हे तीन टप्प्यांत घडते. फोटॉन इलेक्ट्रॉन-विवर जोडी (विवर म्हणजे इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली रिकामी जागा) निर्माण करतो, ती जोडी फोनॉन सोडते, आणि मग ती विरून नवा फोटॉन बाहेर पडतो. प्रकाश थेट जाळीला हलवत नाही. मधला दलाल इलेक्ट्रॉन असतो, म्हणूनच रामन शिखराच्या उंचीत इलेक्ट्रॉन-फोनॉन युग्मनाची माहिती दडलेली असते.

तीन टप्प्यांचे गणित मांडले, की शिखराची तीव्रता अशी येते: वर तीन घटकांचा गुणाकार (आत येणाऱ्या प्रकाशाचे युग्मन, फोनॉनचे युग्मन, बाहेर जाणाऱ्या प्रकाशाचे युग्मन) आणि खाली दोन कंस. पहिला कंस म्हणजे लेसरची ऊर्जा वजा एक्सायटॉनची (एकमेकांना बांधलेल्या इलेक्ट्रॉन-विवर जोडीची) ऊर्जा. दुसरा म्हणजे लेसरची ऊर्जा वजा फोनॉनची ऊर्जा वजा एक्सायटॉनची ऊर्जा. दोन्ही कंसांत रुंदीचे काल्पनिक पद मिसळायचे आणि शेवटी सगळ्याचा वर्ग घ्यायचा. कंस शून्याजवळ गेला, की तीव्रता उसळते: पहिला गेला तर आगमन-रेझोनन्स, दुसरा गेला तर निर्गमन-रेझोनन्स.

आकडे घालून पाहू. एक्सायटॉन १.९० इव्हीवर, फोनॉन ५० मिलिइव्हीचा, अर्धी रुंदी ३० मिलिइव्ही. लाल लेसर १.९६ इव्हीचा, हिरवा २.३३ चा. लालसाठी दोन कंसांच्या वर्गांचा गुणाकार ०.००४५ × ०.००१ येतो, हिरव्यासाठी ०.१८६ × ०.१४५. गुणोत्तर सुमारे ६०००. इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. लाल लेसर निर्गमन-रेझोनन्सवर (१.९५) जवळजवळ नेमका बसला आहे, आगमनावर नाही. आणि ६००० हा आकडा प्रत्यक्षात मिळण्याची अपेक्षा धरू नका. रेझोनन्सपासून दूर गेल्यावर बाकीचे एक्सायटॉन आणि सलग पट्टाही हातभार लावतात, त्यांच्यात व्यतिकरण होते आणि हिरव्याची तीव्रता या एकपातळी प्रतिमानापेक्षा कितीतरी जास्त राहते. हे प्रतिमान शिखराजवळ वापरायचे, शेपटीत नाही.

पायरी १: पदार्थाचे एक्सायटॉन जाणून लेसर निवडा

एकथरी मोलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये ए एक्सायटॉन १.९ इव्हीच्या जरा अलीकडे, बी सुमारे २.०५ वर आणि रुंद सी पट्टा २.८-२.९ च्या आसपास. ए आणि बी यांतले अंतर प्रामुख्याने संयुजा पट्ट्यातल्या स्पिन-कक्षा विभाजनामुळे. टंगस्टन डायसल्फाइडमध्ये हेच अंतर ४०० मिलिइव्हीच्या घरात जाते, म्हणून तिथे बी एक्सायटॉन २.४ इव्हीजवळ येतो आणि ५१४.५ नॅनोमीटरचा जुना आर्गॉन लेसर (२.४१ इव्ही) अचानक सोन्याच्या भावाचा होतो.

सहज मिळणाऱ्या रेषा: ४४१.६ (२.८१ इव्ही), ४८८ (२.५४), ५१४.५ (२.४१), ५३२ (२.३३), ५९४ (२.०९), ६३२.८ (१.९६), ६७६.४ (१.८३), ७८५ (१.५८). चारपाच रेषांवर रेझोनन्सचा पूर्ण वक्र काढता येत नाही. त्यासाठी रंग बदलता येणारा लेसर आणि तिहेरी मोनोक्रोमेटर लागतो. पण चार रेषा आणि नीट विचार असेल, तर बरेच काही सांगता येते.

एकच लेसर असेल तर? मग तापमान बदला. एकथरी मोलिब्डेनम डायसल्फाइड खोलीच्या तापमानावरून द्रव हेलियमच्या तापमानाला नेले, की ए एक्सायटॉन सुमारे ६० ते ७० मिलिइव्ही वर सरकतो. लेसर जागच्या जागी, एक्सायटॉनच त्याच्यासमोरून चालत जातो. ५० मिलिइव्हीच्या फोनॉनची ३०० केल्विनला सरासरी संख्या फक्त ०.१७ असते, त्यामुळे स्टोक्स शिखरावरची (फोटॉन कंपनाला ऊर्जा देतो, त्या शिखरावरची) तापमानाची दुरुस्ती १७ टक्क्यांपुरतीच. एक्सायटॉनची रुंदी मात्र याच काळात बदलते, तिची नोंद वेगळी ठेवावी लागते.

पायरी २: नमुना आणि त्याचा आधार

३०० किंवा ९० नॅनोमीटर ऑक्साइड असलेले सिलिकॉन एकथरी पापुद्रे डोळ्यांनी शोधायला उत्तम, पण रेझोनन्सच्या मोजमापाला ते त्रासदायक. ऑक्साइडमधल्या व्यतिकरणामुळे आत जाणारा आणि बाहेर येणारा, दोन्ही प्रकाश तरंगलांबीनुसार कमीजास्त होतात. लेसर बदलल्यावर तीव्रता तिप्पट झाली, तर श्रेय एक्सायटॉनचे की ऑक्साइडच्या जाडीचे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. शक्य असेल तर वितळवलेल्या क्वार्ट्झच्या काचेवर पापुद्रा न्या. ते जमणार नसेल, तर ऑक्साइडची जाडी मोजून बहुपरावर्तनाची दुरुस्ती करावीच लागते.

रामनआधी त्याच ठिकाणचा परावर्तन-फरकाचा (पापुद्र्यावरचे परावर्तन रिकाम्या आधारापेक्षा किती वेगळे, याचा) वर्णपट घ्या; एक्सायटॉनची ऊर्जा त्यातून कळते. ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि एक्सायटॉनची ऊर्जा दुसऱ्याच कोणाच्या लेखातून उचलतात. ताण, आधार आणि डोपिंग (जादा इलेक्ट्रॉन किंवा विवरे) यांमुळे एक्सायटॉन दहावीस मिलिइव्ही सहज हलतो. वरच्या उदाहरणात १.९० ऐवजी १.९३ घालून पाहा. लाल लेसर आगमन आणि निर्गमनाच्या साधारण मधोमध येतो आणि सगळा अर्थ बदलतो.

थरांची संख्या मोजायची तर दोन मुख्य शिखरांतले अंतर मोलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये एका थराला सुमारे १९, जाड स्फटिकाला २५. पण ताणामुळे खालचे शिखर हलते आणि डोपिंगमुळे वरचे, त्यामुळे २१ आणि २२ मधल्या फरकावर पैज लावू नका. ५० च्या खाली मोजता येत असेल, तर थर एकमेकांवर घसरण्याचे कंपन जास्त भरवशाचे. जाड स्फटिकात ते ३२-३३ वर, दुथरीत २३ च्या आसपास, आणि एका थरात असूच शकत नाही. घसरायला दुसरा थरच नाही.

पायरी ३: शक्ती कमी ठेवा, आणि मग आणखी कमी करा

०.९ अंकीय छिद्राच्या (न्यूमरिकल अॅपर्चरच्या) ऑब्जेक्टिव्हखाली ५३२ नॅनोमीटरचा ठिपका सुमारे ०.७ मायक्रोमीटर व्यासाचा. १०० मायक्रोवॅट ऐकायला किरकोळ वाटते, पण त्या ठिपक्यात ती दर चौरस सेंमीला २५ हजार वॅट होते. रेझोनन्सवर शोषण वाढते, म्हणजे ज्या लेसरखाली तुम्हाला सर्वांत विश्वासू मोजमाप हवे, त्याच लेसरखाली पापुद्रा जास्त तापतो.

वरचे शिखर, ज्याला सममितीच्या भाषेत जाड स्फटिकात ए-वन-जी आणि एका थरात ए-वन-प्राइम म्हणतात, दर केल्विनला साधारण ०.०१३ ते ०.०१६ खाली सरकते. म्हणजे ते १ ने सरकलेले दिसले, तर पापुद्रा ६० ते ८० केल्विनने तापलेला असू शकतो. प्रत्येक लेसरसाठी शक्ती निम्मी, पाव, अष्टमांश करत जा. शिखराची जागा स्थिर आणि क्षेत्रफळ शक्तीच्या सरळ प्रमाणात, असा भाग सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

पायरी ४: तीव्रतेचे नॉर्मलायझेशन, म्हणजे खरी लढाई

माझ्या मते या क्षेत्रातले निम्मे चुकीचे निष्कर्ष सिद्धान्तात जन्मत नाहीत, या पायरीवर जन्मतात. प्रकीर्णनाची तीव्रता वारंवारतेच्या साधारण चौथ्या घातावर अवलंबून असते. ६३२.८ भागिले ५३२, त्याचा चौथा घात करा: २.०. रेझोनन्सचा काहीही संबंध नसताना हिरवा लेसर दुप्पट तीव्रता देतो! त्यावर ग्रेटिंगची कार्यक्षमता, कॅमेऱ्याची संवेदनशीलता आणि ऑब्जेक्टिव्हचे पारगमन, प्रत्येकाचा रंगानुसार वेगळा कारभार.

उपाय असा, की प्रत्येक लेसरवर, फोकस आणि झिरी न बदलता, कॅल्शियम फ्लोराइडच्या स्फटिकाचे ३२२ चे शिखर मोजायचे आणि आपल्या शिखराला त्याने भागायचे. कॅल्शियम फ्लोराइडच का? त्याचे ऊर्जा-अंतर (बँड गॅप) सुमारे १२ इव्हीचे. दृश्य प्रकाशात त्याला कुठलाच रेझोनन्स नाही, त्यामुळे चौथ्या घाताचा परिणाम आणि उपकरणाची मर्जी भागाकारात बऱ्याच अंशी निघून जाते. फक्त एक पथ्य आहे. तो पारदर्शक जाड स्फटिक असल्याने फोकसच्या खोलीप्रमाणे संकेत बदलतो. पृष्ठभागापासून ठरावीक खोलीवर, दर वेळी तसाच फोकस धरा.

सिलिकॉनचे ५२० चे शिखर वारंवारतेच्या कॅलिब्रेशनसाठी वापराच, तीव्रतेसाठी मात्र जपून. सिलिकॉनचा स्वतःचा रेझोनन्स ३.४ इव्हीवर आहे आणि निळ्या लेसरकडे जाताना त्याचे शिखर भराभर वाढते. ज्याने मापायचे, तो गजच लांबतो.

पायरी ५: रामन कोणते, दीप्ती कोणती

लाल लेसरखाली एकथरी मोलिब्डेनम डायसल्फाइडची दीप्ती ६७० नॅनोमीटरजवळ येते. ती ६३२.८ पासून सुमारे ८८० प्रति सेंमी दूर. तिची शेपटी तुमच्या शिखरांखाली येणारच. हिरव्या लेसरला तीच दीप्ती ३८७० वर दिसते, म्हणून हिरवा वर्णपट स्वच्छ. शंका आली, की लेसर थोडा बदला: रामन शिखर लेसरबरोबर सरकते, दीप्ती आपल्या ऊर्जेवर ठाण मांडून बसते.

इथे स्वतःचाच एक किस्सा. टंगस्टन डायसेलेनाइडमध्ये एकापेक्षा जास्त थर असले, की ३०९ च्या आसपास एक लहान शिखर येते. एका थरात ते नसते. मी एका पापुद्र्याला त्या शिखराच्या जोरावर दुथरी ठरवून मोकळा झालो होतो. नंतर शेजारच्या उघड्या सिलिकॉनवर मोजले, तर तिथेही तसाच उंचवटा. सिलिकॉनचा दोन फोनॉनांचा पट्टा ३०३ जवळ असतो, ही गोष्ट मला माहीत होती, आठवली नव्हती. तेव्हापासून रिकाम्या आधाराचा वर्णपट आधी घेतो.

पायरी ६: ध्रुवण

समांतर ध्रुवणात दोन्ही मुख्य शिखरे दिसतात. काटकोनात ए-वन-प्राइम नाहीसे होते आणि थराच्या प्रतलातले ई-प्राइम टिकते. वर्तुळाकार ध्रुवणात ए-वन-प्राइम फोटॉनची फिरण्याची दिशा राखते, ई-प्राइम ती उलटवते. हे नियम रेझोनन्सपासून दूर चोख पाळले जातात. एक्सायटॉनजवळ ते ढिले होताना दिसतात, आणि ती उपकरणाची चूक समजून फेकून देऊ नका. नियम मोडणे हाच बहुधा फ्रोलिख नावाच्या युग्मनाचा ठसा असतो, त्याकडे पायरी ८ मध्ये येतो. आधी हिरव्या लेसरवर नियम पाळला जातो याची खात्री करून ठेवा, म्हणजे लाल लेसरवरच्या उल्लंघनाला काही किंमत राहील.

पायरी ७: आधी गुणोत्तर, मग वक्र

आता मुद्द्याचे. शिखराच्या एकट्या उंचीत प्रकाशाचे युग्मन, आधाराचे व्यतिकरण, फोकस, सगळे मिसळलेले असते. पण एकाच वर्णपटातली दोन शिखरे घ्या. ई-प्राइम ३८४ वर, म्हणजे ४७.६ मिलिइव्ही, ए-वन-प्राइम ४०४ वर, म्हणजे ५०.१. ऊर्जेतला फरक अडीच मिलिइव्ही. खालचे दोन्ही कंस जवळजवळ सारखे, प्रकाशाचे युग्मन सारखे, ऑक्साइड आणि ग्रेटिंगचा परिणामही सारखा. गुणोत्तर काढले, की हे सगळे कटते आणि उरते ते दोन फोनॉनांच्या त्या एक्सायटॉनशी असलेल्या युग्मनांच्या वर्गांचे गुणोत्तर. पायरी ४ ची लढाई इथे लढावीच लागत नाही.

हे गुणोत्तर लेसरच्या ऊर्जेनुसार मांडा. मोलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये ए आणि बी एक्सायटॉनांजवळ ए-वन-प्राइम फुगते, सी पट्ट्याजवळ ई-प्राइम. हा फरक २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेझोनन्स मोजमापांत स्पष्ट दिसला. कारण कक्षकांत आहे. ए आणि बी एक्सायटॉनांचा इलेक्ट्रॉन के बिंदूवर (स्फटिकातल्या संवेगाच्या नकाशावरची एक ठरावीक जागा), मुख्यतः मोलिब्डेनमच्या डी-झेड-वर्ग कक्षकात, थराच्या प्रतलाला लंब पसरलेला असतो. ए-वन-प्राइममध्ये गंधकाचे अणू नेमके त्याच लंब दिशेने आतबाहेर करतात आणि त्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा थेट हलवतात. ई-प्राइमची प्रतलातली हालचाल या अवस्थांना फारशी झोंबत नाही. सी पट्ट्यातल्या अवस्थांना झोंबते.

गुणोत्तराने दिशा सांगितल्यावर कॅल्शियम फ्लोराइडने नॉर्मल केलेला पूर्ण वक्र काढायला घ्या. खोलीच्या तापमानाला आगमन आणि निर्गमन यांची दोन शिखरे वेगळी दिसतील या आशेवर राहू नका: एक्सायटॉनची पूर्ण रुंदी ५०-६० मिलिइव्ही आणि दोघांतले अंतर ५०, त्यामुळे एकच उंचवटा येतो आणि त्याचा मध्य एक्सायटॉनपेक्षा अर्ध्या फोनॉनने वर असतो. तो मध्य थेट एक्सायटॉनची ऊर्जा म्हणून छापला, की २५ मिलिइव्हीची चूक झालीच. षटकोनी बोरॉन नायट्राइडमध्ये गुंडाळून थंड केलेल्या नमुन्यात रुंदी काही मिलिइव्हीपर्यंत उतरते आणि मग दोन्ही शिखरे सुटी होतात.

पायरी ८: युग्मन कोणत्या जातीचे

विरूपण-विभव आणि फ्रोलिख अशा दोन मुख्य जाती. पहिल्यात अणूंची हालचाल पट्ट्यांची ऊर्जा जागच्या जागी बदलते. ए-वन-प्राइमचे वरचे वर्णन हेच. दुसऱ्यात ध्रुवी स्फटिकातला अनुलंब फोनॉन दूरवर विद्युतक्षेत्र उभे करतो. इलेक्ट्रॉन आणि विवर यांना ते उलट दिशांनी ओढते, त्यामुळे फोनॉनचा संवेग शून्याकडे गेला, की दोघांचे परिणाम एकमेकांना खोडतात आणि प्रकीर्णन निषिद्ध ठरते. रेझोनन्सजवळ मात्र दोघांच्या वस्तुमानांतला फरक, दोष आणि विकार यांमुळे खोडणे अर्धवट राहते. निषिद्ध शिखर फक्त रेझोनन्सवर जिवंत झाले, ध्रुवणाचा नियम मोडला आणि दुप्पट-तिप्पट वारंवारतेवर अधिस्वरांची रांग लागली, तर फ्रोलिखवर संशय घ्या. थर नसलेल्या कॅडमियम सल्फाइडमध्ये अशी नऊपर्यंतची रांग १९६० च्या दशकातच दिसली होती. थरांच्या इंडियम सेलेनाइडमध्ये २०० च्या आसपासचे शिखर असेच रेझोनन्सवर उसळते.

तिसरी वाट दुहेरी रेझोनन्सची. सुरुवातीचे ४५०-४६५ चे कललेले शिखर तिथले. त्याचा मोठा भाग म्हणजे संवेगाच्या (ब्रिल्वाँ) क्षेत्राच्या कडेला, एम बिंदूजवळच्या दोन ध्वनिक फोनॉनांची जोडी; एकाचा संवेग दुसरा खोडतो, म्हणून मोठ्या संवेगाचे फोनॉनही भाग घेऊ शकतात. टंगस्टन डायसल्फाइडमध्ये ५१४.५ नॅनोमीटरखाली हीच जोडी ३५० वर इतकी उसळते, की शेजारचे ३५६ चे ई-प्राइम तिच्यात बुडून जाते. तिथे दोन शिखरांचे गुणोत्तर काढताना आधी वक्र नीट सोडवा, नाहीतर ई-प्राइमच्या नावाखाली भलत्याचेच क्षेत्रफळ मोजाल. मोलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये जोडीऐवजी एकटाच फोनॉन २२७ जवळ दिसला, तर संवेगाचा हिशेब दोषांनी भरला आहे, म्हणजे नमुन्यात दोष आहेत.

पायरी ९: उंचीबरोबर जागा आणि रुंदी

युग्मनाचा दुसरा, रेझोनन्सपेक्षा स्वतंत्र पुरावा डोपिंगमधून मिळतो. २०१२ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अजय सूद यांच्या गटाने एकथरी मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या ट्रान्झिस्टरमध्ये गेटने इलेक्ट्रॉन भरत रामन मोजले. दर चौरस सेंमीला सुमारे १८ लाख कोटी इलेक्ट्रॉन भरल्यावर ए-वन शिखर ४ ने खाली आले आणि रुंदावले. ई शिखर जवळपास जागचे हलले नाही. पायरी ७ मधल्या गुणोत्तराने जे सुचवले, त्याला ही वेगळ्या वाटेने आलेली साक्ष. रेझोनन्सचा वक्र आणि गेटचा वक्र दोन्ही एकाच नमुन्यावर घेता आले, तर तो नमुना जपून ठेवा.

रुंदीवरून फोनॉनचे आयुष्य काढायचे सूत्र सोपे: ५.३ भागिले पूर्ण रुंदी, उत्तर पिकोसेकंदात. रुंदी ३ असेल तर १.८ पिकोसेकंद. पण आधी उपकरणाची स्वतःची रुंदी निऑनच्या रेषेवर मोजून वजा करा. मिलिमीटरला १८०० रेषांच्या ग्रेटिंगवरही ती दुर्लक्ष करण्यासारखी नसते.

शेवटचा सापळा तापमानाचा. स्टोक्स आणि प्रतिस्टोक्स (फोटॉन कंपनाकडून ऊर्जा घेतो, त्या) शिखरांच्या गुणोत्तरावरून तापमान काढण्याची सवय अनेकांना असते. ५० मिलिइव्हीच्या फोनॉनसाठी खोलीच्या तापमानाला प्रतिस्टोक्स भागिले स्टोक्स साधारण एक सप्तमांश यायला हवे. रेझोनन्सजवळ हे करू नका. स्टोक्ससाठी निर्गमन-रेझोनन्स एक्सायटॉनच्या ५० मिलिइव्ही वर असतो आणि प्रतिस्टोक्ससाठी ५० मिलिइव्ही खाली, म्हणजे एकाच लेसरखाली दोघांना मिळणारी वाढ वेगवेगळी. १.९६ इव्हीच्या लेसरवर हे सूत्र पापुद्रा खोलीपेक्षा थंड असल्याचेही सांगू शकते.